सान क्लेमेंतेच्या पायऱ्या

[दृश्य: सकाळ. कोलोसियमवरून कॅमेरा वळून अरुंद रस्त्यावर येतो.]

रोममधल्या कोलोसियमपासून लॅटरन या भागाकडे जाणारा हा रस्ता. पाच-सात मिनिटं चाललं की एक चर्च लागतं, सान क्लेमेंते. बाहेरून पाहून कोणी थांबेल असं त्यात काही नाही. रोममध्ये अशी चर्चं पावलोपावली आहेत. आपण आलोय ते याचं तळघर बघायला.

वरचं चर्च बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं. समोर वेदीमागच्या अर्धगोल घुमटात सोनेरी मोझेक चमकतंय. त्याच्यावर आत्ता नुसती नजर टाका, परत येताना बघू.

1857 साली इथल्या मठातले आयरिश धर्मगुरू जोसेफ मलुली यांनी जमिनीखाली खोदायला घेतलं. खाली अजून जुनं चर्च असणार, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरला. चौथ्या शतकातलं एक अख्खं चर्च भराव घालून बुजवलेलं निघालं.

[दृश्य: जिना. भिंतीवरची पुसट चित्रं.]

इथल्या अकराव्या शतकातल्या एका चित्रात एक रोमन अधिकारी नोकरांवर खेकसतोय आणि त्याच्या तोंडची शिवी भिंतीवर जशीच्या तशी लिहिलेली आहे. जुन्या इटालियन बोलीचा हा एक अगदी सुरुवातीचा लेखी नमुना. भाषेच्या अभ्यासकांना तो चर्चच्या भिंतीवर मिळावा, हेही खासच.

पण जिना इथं संपत नाही.

[दृश्य: आणखी खाली. अंधार. पाण्याचा आवाज.]

ऐकू येतंय? भिंतीपलीकडून पाणी वाहतंय. एके काळी हा तळ पाण्याखालीच असायचा. 1912 ते 1914 या काळात बोगदा खणून ते बाहेर काढलं, तेव्हा कुठं इथं धड उभं राहता यायला लागलं. आपण आता पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रोमच्या पातळीवर आहोत.

ही खोली पाहा. जेमतेम दहा मीटर लांब. छत मुद्दाम गुहेसारखं कमानदार केलेलं. दोन्ही बाजूंना दगडी ओटे. त्यांवर रेलून भक्त एकत्र जेवायचे. मधोमध वेदी आणि तिच्यावर कोरलेला, टोकदार टोपी घातलेला तरुण देव बैलाच्या मानेत सुरा खुपसतोय. हा मिथ्रास, रोमन काळातल्या एका पंथाचा देव. चौथ्या शतकातल्या चर्चचा मागचा अर्धगोल भाग या देवळाच्या डोक्यावर बांधला गेला.

इथं उभं राहिलं की मनात पहिला विचार येतो तो असा: म्हणजे ख्रिस्ती लोकांनी सगळं यांच्याकडूनच उचललं! इंटरनेटवर तर यादीच फिरते. मिथ्रास कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला.

यादी वाचायला झकास आहे. पुराव्याला मात्र टिकत नाही. मिथ्रासच्या भक्तांनी स्वतःचा एकही धर्मग्रंथ मागे ठेवलेला नाही. आपल्याला जे कळतं ते अशा कोरीव शिळांवरून, शिलालेखांवरून आणि परक्यांच्या उल्लेखांवरून. शिळा सांगतात की मिथ्रास खडकातून जन्मला, तोही वाढलेला तरुण म्हणूनच. कुमारिका नाही, बारा शिष्य नाहीत, मरण नाही, मग पुनरुत्थान कुठून येणार? शिवाय रोममधल्या या पंथाच्या खुणा पहिल्या शतकाच्या शेवटी दिसू लागतात. म्हणजे साधारण शुभवर्तमानं, येशूची कथा सांगणारे ग्रंथ, लिहिली जात होती तेव्हाच. हे बाप-लेक नव्हेत, एकाच आळीत वाढलेले शेजारी.

मिथ्रास हे नाव मात्र खरंच जुनं आहे. इराणी मिथ्र आणि आपला वेदांतला मित्र हे एकाच नावाचे धागे. आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या भागातल्या मितान्नी राज्याच्या ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. सूर्यनमस्कार घालताना पहिलाच मंत्र आपण म्हणतो तो 'ॐ मित्राय नमः'. मुंबईतल्या पारशांच्या बोलण्यात तोच मेहेर होऊन येतो. पण नाव प्रवास करतं म्हणून सगळी पूजा त्याच्यासोबत प्रवास करते असं नाही. बैल मारणारा हा देव इराणमध्ये सापडत नाही. तो बहुतांशी रोमनांनीच घडवला, असं आता अनेक अभ्यासकांना वाटतं.

[दृश्य: वेदीच्या दोन्ही बाजूंचे ओटे, जवळून.]

शेजाऱ्यांची एकमेकांवर नजर मात्र होती. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर याच रोम शहरात जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक तक्रार करतो की मिथ्रासच्या दीक्षाविधीतही भाकरी आणि पाण्याचा पेला ठेवून काही शब्द म्हणतात. त्याच्या मते ही सैतानांनी केलेली आपल्या प्रभुभोजनाची नक्कल. त्याच्या कांगाव्यातून आपल्यापुरतं एवढं कळतं की दोन विधी इतके सारखे दिसायचे, की त्याला खुलासा करावा लागला.

देवाणघेवाण बघायची असेल तर कथेपेक्षा दिनदर्शिका आणि चित्रं बघावीत, असं मला वाटतं. 354 साली रोममध्ये तयार झालेल्या एका दस्तऐवजात 25 डिसेंबर दोनदा येतो. शहराच्या सणांच्या यादीत त्या दिवशी 'अजिंक्याचा' जन्मदिवस आहे. अजिंक्य म्हणजे सूर्य, आणि त्याच्यासाठी रथांच्या 30 शर्यती. त्याच दस्तऐवजातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म. कोणी कोणाची तारीख घेतली? काही अभ्यासक म्हणतात, सूर्याचा सण आपलासा केला. काही म्हणतात, 25 मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. मला दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असणं जास्त शक्य वाटतं.

चित्रांत तर लपवाछपवीच नाही. संत पीटरच्या बासिलिकेखालच्या एका थडग्यात छतावर मोझेक आहे: द्राक्षवेलींच्या मधे रथ हाकणारा, डोक्यामागे किरण फुटलेला पुरुष. तो सूर्यदेवाच्या वेशातला ख्रिस्त, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ ग्रीक शिल्पांत आधीपासून होता. आणि पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओ वैतागून सांगतात की काही ख्रिस्ती लोक संत पीटरच्या पायऱ्या चढून वर येतात, दारात वळतात आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. मग आत प्रार्थनेला जातात! शतकभर ख्रिस्ती झालेल्या शहराची पाठ अजून वाकत होती.

कथेची, श्रद्धेची मुळं मात्र या खोलीत नाहीत. ती जेरुसलेममध्ये आहेत. येशू ज्यू होता, वल्हांडण सणाचं जेवण ज्यू होतं, स्तोत्रं ज्यू होती. आणि ज्यूंच्या मागे पुन्हा इराण उभा आहे. ख्रिस्तपूर्व 539 मध्ये सायरसने बाबिलोन घेतलं आणि बंदिवान ज्यूंना परत जाऊ दिलं. ज्यूंच्या बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात या परक्या, इराणी राजाला देवाचा 'अभिषिक्त' म्हटलंय. हिब्रूत मसीहा, ग्रीक भाषांतरात ख्रिस्त. येशूच्या कितीतरी आधी हा शब्द एका इराणी राजासाठी वापरून झाला होता. देवदूत, सैतान, शेवटचा न्याय या कल्पना त्यानंतरच्या ज्यू ग्रंथांत ठळक होत गेल्या. त्यात जरथुष्ट्री वाटा किती, हा वाद मिटत नाही, कारण अवेस्ता हा जरथुष्ट्री धर्मग्रंथ लेखी रूपात फार उशिरा आला.

[दृश्य: परत जिना, वर. मग कॅटॅकोंबमधलं चित्र.]

रोमच्या कॅटॅकोंबमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमींत, बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक रंगवलेले आहेत. सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेत त्यांच्या डोक्यावर बहुधा टोकदार टोपी असते. खालच्या वेदीवर बैलाला मारणाऱ्याच्या डोक्यावर होती, त्याच घाटाची. पूर्वेचा माणूस दाखवायचा तर रोमन चित्रकाराकडे टोपी ही एकच होती.

[दृश्य: वरचं चर्च. सोनेरी मोझेक.]

आता हे नीट बघा. मधे क्रूस, त्यावर 12 पांढरी कबुतरं. क्रूसाच्या बुडातून अकँथस या कातरलेल्या पानांच्या झाडाची वेल फुटून सगळा घुमट भरून टाकते. हीच नागमोडी वेल रोमन कारागीर ख्रिस्ताच्या आधीपासून देवळांवर कोरत आले होते. खाली चार नद्या वाहतात आणि दोन हरणं मान खाली घालून पाणी पितात.

मजल्यांच्या खाली, अंधारात, पाणी अजून वाहतंय.