नाउरूचं दफ्तर

[दृश्य: विमानातून दिसणारं बेट. कडेला नारळीची हिरवी पट्टी, मधे करड्या दगडांचे सुळके.]

विषुववृत्ताच्या किंचित खाली, पॅसिफिक महासागरात नाउरू आहे. २१ चौरस किलोमीटरचा देश. किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी काढली तर अर्ध्या तासात प्रदक्षिणा पूर्ण होते. एवढ्याशा बेटाचे कागद मात्र मेलबर्नपासून हेगपर्यंत पसरलेत. त्यातले बरेचसे परक्यांनी लिहिलेत.

[दृश्य: अभिलेखागारातलं कपाट, जाड फायली.]

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश फॉस्फेट कमिशनचं दफ्तर आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी नाउरूच्या फॉस्फेटचे, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या खनिजाचे, वाटे ठरवले. ४२, ४२ आणि १६ टक्के. सुरुवात झाली होती ती एका दगडापासून. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत तो दाराला अडसर म्हणून पडला होता. त्याच कंपनीतल्या अल्बर्ट एलिस यांनी तो तपासला आणि उच्च प्रतीचं फॉस्फेट हाती लागलं. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं हिरवी होत गेली, आणि नाउरूचं पठार खरवडलं गेलं, मागे सुळके उरले.

कंपन्या टन मोजत होत्या. नाउरूची माणसं स्वतःला मोजत होती. १९२० च्या इन्फ्लुएन्झाने बेट खंगलं. जमात टिकायची तर निदान १५०० माणसं हवीत, असं तेव्हा मानलं जाई. २६ ऑक्टोबर १९३२ ला एक बाळ जन्मलं आणि आकडा भरला. त्या दिवसाला 'अंगाम' म्हणतात. घरी पोचल्याचा आनंद, असा काहीसा त्याचा अर्थ.

घर फार दिवस टिकलं नाही.

[दृश्य: गंजलेली जपानी तोफ, वेलींनी वेढलेली.]

डिसेंबर १९४० मध्ये जर्मन युद्धनौकांनी, व्यापारी जहाजांचं सोंग घेऊन, नाउरूजवळ फॉस्फेटची जहाजं बुडवली आणि धक्क्यावर गोळे डागले. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरलं. त्यांनी सक्तीच्या मजुरीवर धावपट्टी बांधून घेतली. आज प्रवासी विमानं उतरतात ती त्याच जागी.

मार्च १९४३ मध्ये अमेरिकी विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्यानंतर बेटाचे प्रशासक फ्रेडरिक चामर्स आणि आणखी चार ऑस्ट्रेलियन यांना जपान्यांनी ठार मारलं. युद्धानंतर त्याचा खटला चालला, आणि त्याची कागदपत्रं आज वाचता येतात. त्याच वर्षी जुलैमध्ये कुष्ठरोगाच्या ३९ नाउरूवासी रुग्णांना बोटीत बसवून समुद्रात नेलं आणि बोट बुडवली. त्यांच्यावर ही वेळ आली ती आजारामुळे, आणि त्या आजारासाठीच त्यांना आधीपासून वेगळं ठेवलेलं होतं.

[क्षणभर फक्त लाटांचा आवाज.]

१९४३ मध्येच १२०० नाउरूवासीयांना जपान्यांनी पॅसिफिकमधल्याच ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. आज त्या बेटांचं नाव चूक. मराठी कानाला ते भलतंच लागतं. तिथे उपासमार, आजार, बॉम्बफेक. मागे बेटावर राहिलेले लोक तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपांत मैल्याचं खत घालून भोपळे पिकवत होते. फॉस्फेटच्या डोंगरावर बसलेल्या बेटाला खतासाठी हे करावं लागलं!

३१ जानेवारी १९४६ ला ट्रुकहून जहाज परतलं. त्यातून ७३७ जण उतरले. ४६३ जण तिकडेच मरण पावले. १५०० चा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडलं.

[दृश्य: नाउरूचा निळा झेंडा, एक पिवळी रेघ, खाली बारा टोकांचा तारा.]

परतलेल्यांत हॅमर डीरोबर्ट नावाचा एक तरुण होता. पुढे तोच पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. स्वातंत्र्याची तारीख ठरवताना नाउरूने परतीचाच दिवस निवडला: ३१ जानेवारी १९६८. मग पैसा आला. १९७७ मध्ये मेलबर्नला ५२ मजली नाउरू हाउस उभं राहिलं. फॉस्फेट म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, हे गृहीत धरून मेलबर्नकरांनी इमारतीला काय नाव दिलं असेल, ते निवेदनात सांगण्यासारखं नाही. २००४ मध्ये तीही विकावी लागली.

१९८९ मध्ये नाउरू ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं: आमची खणलेली जमीन पूर्ववत कोण करणार? ज्यांनी टन मोजले त्यांच्याच हिशेबांवर आता प्रश्न उभे राहिले. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक आक्षेप फेटाळले. पुढच्या वर्षी १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. सुळके आहेत तिथेच आहेत.

[दृश्य: सुळक्यांमधून जाणारा पांढरा रस्ता, तंबूंच्या रांगा.]

या पठारावर ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे आलेल्या निर्वासितांना ठेवलं. आधी २००१ पासून, मग पुन्हा २०१२ पासून. २०१६ मध्ये तिथले २००० हून जास्त घटना-अहवाल फुटले आणि 'द गार्डियन'ने छापले. तारीख, वेळ, घटनेचा प्रकार, गांभीर्याची श्रेणी. अनेक अहवाल मुलांबद्दलचे आहेत. छापताना नावं झाकलेली आहेत.