दररोज, दरडोई : क्रूझवरील टिपचा हिशेब

[दृश्य : खोलीच्या दाराखालून आत सरकणारा कागद]

चार रात्रींची समुद्रसफर संपवून जहाज सिंगापूरच्या मरिना बे धक्क्याकडे परतत असताना, पहाटेच्या सुमारास प्रत्येक खोलीच्या दाराखालून एक कागद आत सरकवला जातो. काही जहाजांवर हा हिशेब आता मोबाइलवर किंवा खोलीतील टीव्हीवर पाहावा लागतो; आम्ही ज्या जहाजावर चित्रण केले तेथे मात्र कागदच होता, म्हणून तो आपल्याला जवळून दाखवता येतो. पुण्याच्या एका चौकोनी कुटुंबाच्या या बिलात सरबते, छायाचित्रे आणि इंटरनेट यांच्यामध्ये ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द सोळा वेळा छापलेला आहे. माणसे चार, दिवस चार आणि दर दिवसाला प्रत्येकी 18 अमेरिकी डॉलर. बेरीज 288 डॉलर होते, आणि एका डॉलरला 85 रुपये धरले तरी ती 24,480 रुपयांवर जाते.

ग्रॅच्युइटी म्हटले की आपल्याला 1972 चा कायदा, पाच वर्षांची नोकरी आणि निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारी रक्कम आठवते; सरकारी मराठीत तिला उपदान म्हणतात. जहाजावरील ग्रॅच्युइटीचा त्या उपदानाशी काही संबंध नाही. ही टिप आहे, परंतु ती द्यावी की नाही हे कोणी विचारत नाही. ती रोज प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढत जाते. दिवाळीला इस्त्रीवाल्याच्या आणि पोस्टमनच्या हातावर आपण जी पोस्त ठेवतो, तिच्यात निदान देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात. येथे घेणारा कोण आहे, हे पाहण्यासाठी आम्ही त्याच्यामागे दिवसभर कॅमेरा घेऊन फिरलो.

[दृश्य : लांब, अरुंद पॅसेज. चादरी आणि टॉवेलांनी भरलेली ढकलगाडी.]

सकाळचे सात वाजले आहेत. दक्षिण गोव्यातून आलेला हा केबिन स्टुअर्ड आपल्या वाट्याच्या खोल्यांची यादी घेऊन पॅसेजच्या टोकाला उभा आहे. साधारण पंधरा ते वीस खोल्या एकेकाकडे असतात, आणि कोणत्या खोलीतील माणसे न्याहारीला लवकर जातात, कोण उशिरापर्यंत झोपते, कोणाच्या लहान मुलासाठी वरची घडीची खाट रात्री उघडावी लागते, हे सफरीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला पाठ झालेले असते. दार वाजवायचे, हाक द्यायची, उत्तर आले नाही तरच आत जायचे. चादर काढायची, गादीवर नवी चादर अंथरून तिचे कोपरे ताणून दुमडायचे, न्हाणीघरातील आरसा पुसायचा, साबणाची बाटली भरायची, बाल्कनीच्या काचेवर रात्रभर साचलेले मीठ काढायचे आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा मागे वळून पाहायचे. हे मागे वळून पाहणे आम्ही प्रत्येक खोलीत टिपले; त्याच्या लक्षातही येत नव्हते की तो ते दर वेळी करतो.

टॉवेलचा हत्ती तो दोन टॉवेलांत करतो. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही कडा आत गुंडाळत नेऊन त्यांचे चार पाय होतात, लहान टॉवेलच्या टोकाची सोंड होते आणि उरलेल्या भागाचे कान. सोंड वर वळवून तो प्रवाशाचाच विसरलेला चष्मा हत्तीच्या डोळ्यांवर ठेवतो. पूर्वी सकाळी एकदा आणि संध्याकाळी अंथरूण उघडण्यासाठी पुन्हा एकदा, अशी दोनदा सफाई होत असे. 2022 नंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी ती एकावर आणली. रोजची ग्रॅच्युइटी मात्र त्या प्रमाणात उतरली नाही, उलट बहुतेक ठिकाणी ती वाढतच गेली.

प्रवाशांच्या मजल्यांखाली जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक रुंद पॅसेज असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील महामार्गाच्या नावावरून कर्मचारी त्याला ‘आय-95’ म्हणतात. तेथे आम्हाला चित्रणाची परवानगी नव्हती, त्यामुळे आपण पाहत आहात ती थोडी थरथरणारी दृश्ये एका कर्मचाऱ्याने आपल्या मोबाइलवर टिपलेली आहेत. नोकरीचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात रविवार नावाची गोष्ट नसते. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. हा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये अमलात आला आणि भारताने 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. 77 तासांच्या विश्रांतीचा आकडा वाचताना उरलेले 91 तासही वाचावेत.

[दृश्य : धोबी तलाव, मुंबई. जुन्या इमारतीचा लाकडी जिना.]

ही व्यवस्था कोठून आली हे समजण्यासाठी समुद्रापासून थोडे आत, मुंबईच्या धोबी तलावापाशी यावे लागते. येथील जुन्या चाळवजा इमारतींमध्ये गोव्याच्या गावागावांचे क्लब आहेत. गोवेकर त्यांना ‘कूड’ म्हणतात. एका मोठ्या खोलीत भिंतीला लागून पेट्यांची रांग, समोर गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. जहाजाची वाट पाहणारा तारवटी, म्हणजे दर्यावर पोट भरणारा गोवेकर, महिना महिना येथे नाममात्र भाड्यात राहत असे. बॅलार्ड पिअर हा जहाजांचा धक्का येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पेट्यांवर रंगवलेली नावे आता पुसट झाली आहेत. कॅमेरा त्यांच्यावरून हळूहळू सरकतो तेव्हा काही गावांची नावे अजून वाचता येतात.

पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या आगबोटींवर कामाची वाटणी मुलखाप्रमाणे झालेली असे. डेकवर सारंग आणि तांडेलाच्या हाताखाली रत्नागिरीकडचे आणि कच्छ-काठियावाडचे खलाशी असत, बॉयलरपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक कोळसा ओढत, आणि भोजनगृह, भटारखाना व प्रवाशांच्या खोल्या गोवेकरांकडे असत, कारण गोव्याच्या ख्रिस्ती तरुणाला कोणतेही मांस शिजवायला किंवा मद्य वाढायला धर्माची आडकाठी नव्हती. या सर्वांना ‘लस्कर’ म्हणून वेगळ्या करारावर घेतले जाई आणि त्यांचे वेतन युरोपीय खलाशांपेक्षा पुष्कळ कमी असे. गोवेकर स्टुअर्डला त्या कमी वेतनावर एक आशा असे, आणि ती म्हणजे प्रवास संपताना साहेबाच्या हातून मिळणारी बक्षिसी. कंपनीने कमी द्यायचे आणि उरलेले प्रवाशाने भरायचे, ही रीत आगबोटींबरोबर गेली नाही. ती आजच्या पांढऱ्या, अठरा मजली जहाजांवर जशीच्या तशी चढली आहे, आणि या माहितीपटाचा विषय तीच आहे.

[दृश्य : पांढरी पाकिटे, त्यांवर छापलेली कामांची नावे]

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ही बक्षिसी पाकिटांतून दिली जात असे. शेवटच्या रात्री खोलीत रिकामी पाकिटे ठेवली जात. एकावर केबिन स्टुअर्ड, एकावर वेटर, एकावर साहाय्यक वेटर असे छापलेले असे, आणि प्रत्येकाला दररोज किती द्यावे याचा सुचवलेला दर सोबत असे. जेवणाच्या दोन ठरलेल्या पंगती होत्या, टेबल ठरलेले होते, म्हणून वेटरही ठरलेला होता. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेले टेबल आणि ठरलेली वेळ मोडून ‘हवे तेव्हा, हवे तेथे जेवा’ ही पद्धत आणली, आणि इतरांनीही कमी-अधिक प्रमाणात ती उचलली. प्रवासी आज एका उपाहारगृहात आणि उद्या दुसऱ्यात जेवू लागल्यावर पाकीट कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर म्हणून दररोजची, दरडोई, आपोआप लागणारी रक्कम आली. ती एका निधीत जमा होते आणि त्यातून केबिन स्टुअर्ड, वेटर आणि पुष्कळ ठिकाणी प्रवाशाला कधीच न दिसणारे धुलाईघरातील व भटारखान्यातील कर्मचारी यांना वाटा मिळतो. अमेरिकी बाजारातील मोठ्या कंपन्यांचा साध्या खोलीचा दर आज 16 ते 20 डॉलरच्या आसपास आहे. सुइटमधील प्रवाशांना थोडा अधिक पडतो.

बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशाने स्वागतकक्षात जाऊन सांगितल्यास ही रक्कम कमी होते किंवा काढूनही टाकली जाते. काही युरोपीय कंपन्यांत ती अनिवार्य असते. शेवटच्या रात्री स्वागतकक्षापुढे लागलेली ही रांग पाहावी. रक्कम काढली की निधी घटतो आणि कर्मचाऱ्यांचा वाटा कमी होतो. ‘मी त्याच्या हातात रोख देईन’ असे म्हणणाऱ्यांची रोकडही बऱ्याच जहाजांवर त्याला निधीतच भरावी लागते. 2020 मध्ये जहाजे थांबली तेव्हा टिपही थांबली, आणि त्या एप्रिलमध्ये मरेला डिस्कव्हरी या जहाजावरील शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्यासमोर खोळंबून अखेर उतरले.

[दृश्य : बारमधील पावती, जवळून]

आता प्रवाशाच्या खिशाकडे वळू. आपल्याकडे उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तीच सवय घेऊन बहामास, पनामा किंवा माल्टाचा झेंडा लावलेल्या जहाजावर चढलेला भारतीय प्रवासी बिल पाहून चिडतो, हे समजण्यासारखे आहे. तिकीट काढताना त्याने ज्या अटींवर होकाराची खूण केली, त्यांत हे सगळे लिहिलेले असते.

पडद्यावरील पावतीत पेयाची किंमत 15 डॉलर आहे, तिच्याखाली 18 टक्क्यांप्रमाणे 2 डॉलर 70 सेंट ग्रॅच्युइटी आधीच मिळवलेली आहे, आणि त्याच्याही खाली ‘अतिरिक्त टिप’ अशी एक रिकामी ओळ आहे. घाईत सही करणारे अनेक प्रवासी त्या ओळीत आणखी दोन डॉलर लिहितात आणि एकाच पेल्यावर दोनदा टिप देतात. ती ओळ आडवी रेघ मारून बंद करावी; त्यात कोणाचाही अपमान नाही. पेयांच्या दिवसाच्या पासचेही तसेच आहे. जाहिरातीत 70 डॉलर लिहिलेले असेल आणि त्यावर 18 टक्के लागणार असतील, तर त्याची खरी किंमत 82 डॉलर 60 सेंट आहे, आणि काही कंपन्यांत एका प्रौढाने पास घेतला की त्याच खोलीतील दुसऱ्या प्रौढालाही घ्यावा लागतो. ज्या जोडप्यात एकजण मद्य घेतो आणि दुसऱ्याला चहा पुरतो, त्यांनी हा पास घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी.

टिप खोलीवर लागत नाही, डोक्यावर लागते, ही गोष्ट कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. बिनखिडकीच्या एका खोलीत चौघे राहिले तर तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे भाडे स्वस्त पडते, परंतु टिप चौघांची पूर्ण लागते. अगदी तान्ह्या मुलांनाच काही कंपन्या सूट देतात. त्यामुळे दोन जाहिरातींची तुलना करताना भाडे, बंदरशुल्क आणि दिवस गुणिले माणसे गुणिले दर अशी टिप एकत्र मांडावी. अशी बेरीज केली की काही महाग दिसणाऱ्या कंपन्या तितक्या महाग राहत नाहीत. सिल्व्हरसी, सीबोर्न आणि रीजंट यांच्या भाड्यात टिप धरलेली असते. तरुण प्रवाशांना ओढणाऱ्या व्हर्जिन व्हॉयेजेसमध्येही सुरुवातीची काही वर्षे ती धरलेली असे. आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे 2019 पासून वेगळे सेवाशुल्क बंद करून ते भाड्यात घेतले. ज्या कंपनीच्या जुन्या आगबोटींवर गोवेकर स्टुअर्ड बक्षिसीची वाट पाहत उभा असे, तिच्याच नावाच्या कंपनीने हे केले, ही नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते. इतर कंपन्यांना हे अशक्य का वाटते, याचे समाधानकारक कारण आमच्या ऐकण्यात आलेले नाही.

जेथे टिप वेगळी आहे, तेथे ती शक्यतो तिकिटाबरोबरच भरून टाकावी, कारण सफरीपूर्वी दर वाढला तरी आगाऊ भरलेल्यांना बहुधा जुनाच दर लागू राहतो. काटकसर करायची असल्यास ती बंदरावरच्या सहलींत, छायाचित्रांत आणि इंटरनेटमध्ये करावी. तेथे कंपनीचा नफा कमी होतो, पॅसेजमधील माणसाचे काही जात नाही. ऋतू बदलताना, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, जहाजे एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात, तेव्हा त्या लांबच्या फेऱ्यांचे दिवसाचे भाडे पुष्कळ उतरते. टिप मात्र त्या प्रत्येक दिवसाची लागतेच, हे चौदा रात्रींची स्वस्त फेरी पाहून हुरळून जाण्याआधी मोजावे.

[दृश्य : रिकामा पॅसेज, उघडी दारे]

सिंगापूरला सकाळी नऊच्या सुमारास शेवटचे प्रवासी उतरले. पुण्याच्या कुटुंबातील आजींनी जाताना स्टुअर्डच्या हातात चितळ्यांच्या बाकरवडीचे न फोडलेले पाकीट आणि दहा डॉलरची नोट ठेवली. पाकीट त्याने ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि खोलीतील चारही गाद्यांवरच्या चादरी ओढून काढल्या. दुपारी बाराच्या आत नवे प्रवासी चढणार होते आणि त्याच्या यादीतील अकरा खोल्या अजून बाकी होत्या.