चांगला आंबा उद्यासाठी

श्रोतेहो, नमस्कार. मे महिना अर्धा सरला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पलंगाखाली पेंढ्यात आंब्यांची अढी लावलेली असेल. लहानसहान सुखांविषयी बोलायचे तर मला या अढीहून चांगला विषय सुचत नाही, कारण सुख उद्यावर ढकलण्याची आपली सवय तिथे जितकी उघडी पडते, तितकी कपाटातल्या पैठणीतही पडत नाही.

हापूस आपण झाडावर पिकू देत नाही. तो तयार झाला की हिरवा असतानाच देठासकट उतरवतात आणि पुढचे पिकणे पेंढ्यात होते. पिकू लागलेले फळ इथिलीन वायू सोडते आणि शेजारच्या फळालाही पिकवते, त्यामुळे अढी एकदा सुरू झाली की थांबत नाही. पिकलेले फळ आपली वाट पाहत नाही. पुन्हा सांगते, पिकलेले फळ वाट पाहत नाही.

माझ्या आत्याला हे मान्य नव्हते. गिरगावातल्या तिच्या बिऱ्हाडी दरवर्षी देवगडहून पेटी येत असे. रोज संध्याकाळी ती जमिनीवर बसून प्रत्येक फळ देठाजवळ हुंगायची, अंगठ्याने हलकेच दाबायची आणि तीन वाटे करायची: कच्चे, पिकलेले आणि डागी. मग हुकूम सुटे, "डागी आधी संपवा, चांगले उद्याला राहतील." दुसऱ्या दिवशी त्या चांगल्यांतलेच काही डागी झालेले असत आणि पुन्हा तेच पानात येत. अशा रीतीने अख्खी पेटी आम्ही सुरीने काळे भाग कोरत खात असू, आणि पेटी उत्तम होती असे चाळभर सांगतही असू.

आतोबा मितभाषी गृहस्थ होते. एका रात्री जेवण झाल्यावर ते उठले, चांगल्या वाट्यातला सर्वांत केशरी, साल किंचित सुरकुतलेला आंबा त्यांनी उचलला आणि सर्वांदेखत कापला. आत्या ओरडली, "अहो, तो चांगला आहे, तो उद्याचा!" आतोबा म्हणाले, "उद्या तो डागी होऊन माझ्याच पानात येणार आहे, तेव्हा आजच भेटून घेतो." पहिली फोड त्यांनी तिच्या हातावर ठेवली. तिने रागारागाने ती तोंडात टाकली, थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग विचारले, "हा आपल्याच पेटीतला का हो?"

दुसऱ्या दिवसापासून तिची वाटणी चालूच राहिली, पण माणशी एक चांगला आंबा आधी पानात येऊ लागला आणि डागी फळांचा, डाग काढून, रस होऊ लागला. हापूसच्या रसात साखर घालणाऱ्यांविषयी मी काही बोलणार नाही. कर्नाटकातले फळ देवगडच्या नावाने विकणाऱ्यांविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी तो प्रकार थांबलेला नाही.

काटकसरीला माझा विरोध नाही. लोणचे मुरू द्यावे, मुरांबा पुरवून खावा; ते टिकण्यासाठीच केलेले असतात. रेशमाचे तसे नाही. एकाच घडीत वर्षानुवर्षे ठेवलेली पैठणी त्या घडीवरच चिरते आणि तिची जर काळवंडते, म्हणजे लग्नकार्यासाठी राखलेले वस्त्र लग्नकार्याआधीच जाते. ज्या घरात चांगल्या बशा फक्त पाहुण्यांना मिळतात, तिथे घरच्या माणसांनी काय पाप केले आहे, हे मला अजून कळलेले नाही.

मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागते, आणि पाऊस सुरू झाला की फळात अळी सापडू लागते. म्हणजे दिवस थोडेच उरले आहेत. कच्ची फळे फ्रिजमध्ये टाकू नका, थंडीने ती नीट पिकत नाहीत. आज रात्री अढी उघडाल तेव्हा देठाशी घमघमणारे फळ आधी कापा, डागी फळांचा रस करा, आणि सगळे एकदम पिकले असतील तर शेजारी पाठवताना चांगल्यातलेच पाठवा.