शंभरपटीचं येणं

श्रोतेहो, नमस्कार. आणि ज्यांच्या घरी 'जय ख्रिस्त' म्हणायची रीत आहे, त्यांना जय ख्रिस्त.

आजचा विषय मला लिहून दिलाय तो असा: 'सार्वकालिक जीवन आणि ऐहिक समृद्धी: ख्रिस्ती दृष्टिकोन'. विषय भारदस्त आहे. मी मात्र माझ्या मामाच्या वहीची गोष्ट सांगणार आहे, ते आधीच कबूल करते.

पण मामाकडे जायच्या आधी जरा ठाण्याच्या तलावपाळीवर थांबू. मासुंदा तलावाकाठी भेळ खायला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. तिथून हाकेच्या अंतरावर सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च आहे. ठाण्याचं ख्रिस्ती नातं त्याहूनही जुनं. १३२१ साली पूर्वेकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू जहाजानं या किनाऱ्याला लागले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथे मारले गेले. पुढे त्यांच्याच पंथातल्या ओडोरिक नावाच्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी इथून थेट चीनला नेल्या. हे आसिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी. फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बापाची दौलत सोडून निघालेला. स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही, हे त्यांचं व्रत. असे रिकाम्या खिशाचे लोक ज्या ठाण्याला आले, त्याच ठाण्याच्या घोडबंदर रोडवर आज स्वर्ग हप्त्यानं मिळतो. टॉवरांची नावं वाचा एकदा. एखादं मराठी नाव दिसलं, तर मला जरूर कळवा. असो.

तर मामा. मामा नगरकडचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कोपरखैरण्यात सिडकोचं छोटं घर, आणि घरात लाल कापडी पाठीची एक लांबट वही. कारखान्यात नटबोल्टांची आवक-जावक लिहून लिहून हाताला अशी सवय लागली होती, की घरात कोथिंबिरीची जुडी आली तरी 'आवक'मध्ये पडायची. हल्ली सगळे हिशोब मोबाइलात. माझं स्पष्ट मत आहे, मोबाइलातला हिशोब हा हिशोबच नव्हे. तो कोणी पुन्हा उघडून बघत नाही. वही टेबलावर पडलेली असते, म्हणून ती टोचते.

१९९९ सालची गोष्ट. मामा निवृत्त झाला होता, फंडाचे पैसे नुकतेच हातात आले होते. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती, ती २००४ला सुरू झाली. मामा बसनं ठाण्याला गेला. एका हॉलमध्ये सभा होती, बाहेरून आलेले वक्ते होते. वक्त्यांनी बायबलमधलं, मार्काच्या शुभवर्तमानातलं वचन काढलं: जो सोडून देतो, त्याला शंभरपट मिळतं. शंभरपट! हॉलभर तोच शब्द. "देवाच्या शेतात पेरा आणि शंभरपट कापा." मामानं पाकिटात ५,००० रुपये घातले आणि दिले.

घरी येऊन वही उघडली. जावक: ५,०००. शेजारच्या रकान्यात: 'येणे, परमेश्वराकडून, ५,००,०००'. तारखेची जागा मोकळी सोडली. मामीनं विचारलं तर म्हणाला, "तारीख त्याच्या हातात."

पुढे दर महिन्याच्या एक तारखेला मामा त्या ओळीपुढे लाल शाईनं लिहायचा, 'बाकी'. अकरा महिने, अकरा वेळा 'बाकी'. बाराव्या महिन्यात मामीनं चर्चच्या पाळकसाहेबांना चहाला बोलावलं आणि कपबशीच्या आधी वही पुढ्यात ठेवली.

पाळकसाहेब म्हातारे होते, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी ती ओळ वाचली. रागावले नाहीत, हसू मात्र लपवलं नाही. म्हणाले, "शास्त्र आणा. मार्क, दहावा अध्याय, तिसावं वचन. तुम्हीच वाचा, मोठ्यानं."

मामा वाचू लागला. शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं...

"पैसे कुठे आहेत यात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मामानं पुन्हा बोट फिरवलं. घरं होती, शेतं होती. पैसे नव्हते.

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली, "शंभर आया? अहो, एक सासू सांभाळताना माझे केस पिकले. शंभरांना निजवू कुठं, पंख्यावर?"

पाळकसाहेबांच्या चहाचा भुरका चुकला. जरा सावरून म्हणाले, "एक शब्द राहिला बघा तुमचा. 'छळणुकीबरोबर.' हे सगळं मिळेल, पण छळणुकीबरोबर. ही कुठल्या रकान्यात लिहायची? आवक की जावक?"

मामानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग म्हणाला, "चलन शेवटपर्यंत वाचलं नाही आणि सही केली मी." पाच हजार गेल्याचं दुःख त्याला या चुकीपुढे काहीच नव्हतं. चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस होता तो.

श्रोतेहो, वचन शेवटपर्यंत वाचायचं. पुन्हा सांगते, शेवटपर्यंत. कारण त्या वचनाचा शेवट आहे 'आणि येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन'. विषयाचं नाव एकदाचं आलं!

ही पेरा-कापाची शिकवण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फोफावली, आधी तंबूतल्या सभांतून, मग टीव्हीवरून. तिच्याकडेही वचनं आहेत, नाही असं नाही. बायबलमधल्या ईयोबाचं उदाहरण हमखास देतात. सगळं गेलं आणि दुप्पट मिळालं: ७,००० मेंढरांची १४,००० झाली, ३,००० उंटांचे ६,०००. पण इथेही पुढचं वाचा. मुलं दुप्पट झाली नाहीत. आधी सात मुलगे, तीन मुली, नंतरही सात मुलगे, तीन मुली. गेलेल्या लेकरांची भरपाई उंटांत होत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं.

दुसऱ्या टोकालाही अर्धं वाचणारे आहेत. 'पैसा सगळ्या पापांचं मूळ' असं म्हणतात. बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मूळ म्हटलंय ते द्रव्याच्या लोभाला. गरिबीचे गोडवे तर मला मुळीच सहन होत नाहीत. ते गाणारे बहुतेक जेवून आलेले असतात.

आणि सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यानंतर सुरू होणारं पेन्शन नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू त्याचा अर्थ सांगतो: देवाला ओळखणं. त्याची सुरुवात इथेच होते, मरायची वाट बघावी लागत नाही. मरणानंतर पेन्शन, हे मामालाही आधी वाटत होतं.

पुढे काही वर्षांनी मामा आजारी पडला. एकोणीस दिवस इस्पितळात. मामी त्याच्या उशाशी, मुलगा बाहेरगावी. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावल्या. कोणाची भाकरी आणि मेथी, कोणाचा मऊ भात. एक आजी रात्रभर स्टुलावर बसून राहायच्या आणि मामाला 'बाळा' म्हणायच्या. मामा तेव्हा पासष्टचा! घरी आल्यावर त्यानं वही मागवली आणि मामीला विचारून विचारून सगळं आवकमध्ये चढवलं: 'डबा, तीन कप्प्यांचा, परत करणे.' 'डबा, गोल, परत करणे.'

सगळे डबे परत गेले. पूर्वी भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे घोळ व्हायचा नाही. हल्ली कोणी घालत नाही, आणि मग लग्नकार्यात पातेली हरवतात. एक डबा मात्र उरला. मामानं अख्खी मंडळी पालथी घातली, मालक सापडेना. वहीतली शेवटची ओळ तीच आहे: 'डबा १, बाकी', लाल शाईत.

मामा आता नाही. डबा माझ्याकडे आहे. झाकणावर कोरलंय 'सु. ल., १९८७'. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली भागात कोणाच्या घरी दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा कमी भरत असेल, तर केंद्राच्या पत्त्यावर पत्र टाका. कडी जरा सैल झालीय, बाकी डबा चांगला आहे.

नमस्कार.