कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री: दगडावरची वयं वाचत फिरायची जागा

कोलकात्यातला पार्क स्ट्रीट म्हटलं की हॉटेलं, केकची दुकानं, ख्रिसमसची रोषणाई असं सगळं डोळ्यासमोर येतं, पण या रस्त्याचं जुनं नाव होतं बेरियल ग्राउंड रोड. म्हणजे सरळ सरळ दफनभूमीचा रस्ता. पुढे तेव्हाच्या कोलकात्यातल्या सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस एलायजा इम्पी इथे राहायला होते, त्यांच्या बंगल्याला हरणांचं पार्क होतं, त्यावरून पार्क स्ट्रीट हे नाव पडलं. आणि ती दफनभूमी आजही तिथेच आहे, रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला, मलिक बाजारच्या चौकाजवळ.

गेटमधून आत आलात की आधी जाणवतो तो आवाज. म्हणजे बाहेरचा हॉर्नचा गोंगाट हळूहळू मागे पडतो आणि वर झाडांची इतकी दाट सावली की भर दुपारी पण अंधारल्यासारखं वाटतं. आणि दोन्ही बाजूला ही बांधकामं बघा, पिरॅमिड, उंच निमुळते खांब, घुमटाच्या छत्र्या, ग्रीक देवळासारखे खांब, क्रॉस मात्र शोधावा लागतो. त्या काळात युरोपात रोमन आणि ग्रीक पद्धतीची फॅशन होती ना, तीच इथे उतरली. लांबून हे सगळं दगडाचं वाटतं पण जवळ जाऊन बघा, जिथे गिलावा निघालाय तिथे आतून विटा दिसतात. विटांचं बांधकाम आणि वरून चुन्याचा गिलावा, बस. म्हणूनच कोलकात्याच्या पावसात हे टिकवणं इतकं अवघड आहे, एकदा पिंपळाचं मूळ भेगेत शिरलं की पूर्ण छत्री उकलायला वेळ लागत नाही.

१७६७ साली ही दफनभूमी सुरू झाली, कारण शहरातली आधीची जागा भरून गेली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा होता, त्यामुळे ब्रिटनमधून पोरं जहाजात बसून येत होती, आणि इथे आल्यावर कॉलरा, मलेरिया, ताप. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' असं तेव्हा मुंबईबद्दल म्हणायचे, पण कोलकात्यात तरी काय वेगळं होतं? त्यामुळे इथे आलात तर एक काम नक्की करा, नावं वाचू नका, वयं वाचा. समाधी दोन मजली उंच आणि वय वीस, बावीस, पंचवीस.

सगळ्यात उंच खांब आहे तो सर विल्यम जोन्स यांचा. १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी, म्हणजे इथल्या भाषा-इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था, स्थापन करणारे, संस्कृत शिकून शाकुंतल इंग्रजीत नेणारे, संस्कृत ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एक असावं हे जगाला सांगणारे हेच. १७९४ मध्ये वारले तेव्हा वय फक्त ४७, आणि इथल्या मानाने ते खूप जगले असंच म्हणावं लागेल!

तिकडे ती समाधी देवळासारखी दिसतेय ना, ती मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट यांची. रोज गंगेत अंघोळ करायचे, मूर्ती जमवायचे, लोक त्यांना हिंदू स्टुअर्टच म्हणायचे.

आता या पिळाच्या खांबापाशी मात्र थोडं थांबूया. रोझ आयल्मर. कवी वॉल्टर सॅव्हेज लँडॉरची मैत्रीण, वेल्समध्ये ओळख झालेली, मग ती मावशीकडे कोलकात्याला आली आणि १८०० मध्ये गेली, वय २०. लँडॉरने तिच्यावर लिहिलेल्या ओळी पुढे इथे कोरल्या गेल्या.

आणि डेरोझिओ. हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ, इथल्याच मातीत जन्मलेला. किशोरवयातच हिंदू कॉलेजात शिकवायला लागला, पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि त्यातूनच जुन्या रूढींना आव्हान देणारी यंग बंगाल चळवळ उभी राहिली. याच कारणावरून १८३१ मध्ये त्याला राजीनामा द्यायला लावला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉलराने गेला. वय २२. माझ्या मते इथे येऊन याला न भेटता जाणं म्हणजे अर्धवट बघून जाणं.

यायचं असेल तर पार्क स्ट्रीट मेट्रोला उतरा, तिथून टॅक्सी घ्या किंवा सरळ चालत या. प्रवेश फी किरकोळ आहे, दिवसाउजेडी या आणि कॅमेरा असेल तर गेटवर विचारूनच काढा. पावसाळ्यात विटांवर शेवाळ असतं आणि डास भरपूर, म्हणून बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, थंडीत आलात तर सगळ्यात उत्तम. समाध्यांवर चढू नका, नावं कोरू नका, प्लीज. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १९५३ मध्ये पाडली गेली, इंग्रज कादंबरीकार विल्यम थॅकरेचे वडील तिथेच पुरलेले होते.

जाताना अजून एक दगड शोधा. वॉल्टर लँडॉर डिकन्स, इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा मुलगा. नाव नीट वाचा, रोझवर लिहिणाऱ्या त्याच कवीवरून ठेवलेलं. दफन भवानीपूरला झालं, पण १९८७ मध्ये जादवपूर युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवून त्याचा दगड इकडे आणला. आजारपणाच्या रजेवर इंग्लंडला घरी निघालेला होता तो, ३१ डिसेंबर १८६३ ला कोलकात्यातच गेला. वय २२.