ऋण काढून सण

[दृश्य: वेम्ब्ली, 17 मे 2008]

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा फुटबॉल क्लब, पोर्ट्समथ. कार्डिफविरुद्ध कानूचा एकच गोल, आणि 69 वर्षांनी एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या बाद स्पर्धेचा चषक, पुन्हा घरी आला.

संघात नावाजलेले खेळाडू होते आणि त्यांचे पगारही तसेच. ते पैसे येत कुठून होते, हे त्या संध्याकाळी कोण विचारणार?

[दृश्य: पोर्ट्समथचं मैदान फ्रॅटन पार्क, रिकामी स्टँड्स]

फेब्रुवारी 2010. तोच क्लब प्रशासकाच्या, म्हणजे देणी न फेडू शकणाऱ्या क्लबवर नेमलेल्या व्यक्तीच्या ताब्यात. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या विभागात असताना ही वेळ आलेला हा पहिलाच क्लब. 9 गुण कापले गेले, संघ खालच्या विभागात गेला. त्या एका हंगामात क्लबने चार मालक पाहिले.

मग उधारीची यादी बाहेर आली. त्यात खेळाडू होते, दुसरे क्लब होते, करखातं होतं. आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती, म्हणजे सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहणारी सेवाभावी संस्था.

इंग्लिश फुटबॉलचा दंडक असा, की क्लब बुडाला तर खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी आधी, आणि पूर्ण. बाकीच्यांनी उरलंसुरलं वाटून घ्यायचं. एक क्लब बुडताना दुसऱ्याला ओढून नेऊ नये, हे त्यामागचं कारण, आणि ते अगदीच खोटं नाही. पण स्ट्रायकरचा पगार शाबूत आणि पट्टी बांधणाऱ्याचं बिल बुडीत, हा त्याचा अर्थ. करखातं याविरुद्ध न्यायालयात गेलं आणि 2012 मध्ये हरलं.

[दृश्य: मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्डबाहेर हिरवे-सोनेरी स्कार्फ]

2005. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला. किंमत सुमारे 79 कोटी पौंड, त्यातला मोठा भाग उसना. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. आता बरंचसं कर्ज त्याच्याच माथी आलं. विकला गेला क्लब, आणि त्याचे हप्तेही क्लबनेच भरायचे! काही चाहत्यांनी रागाने आपला वेगळा क्लब काढला. 2010 मध्ये हजारोंनी लाल रंग सोडून हिरवा-सोनेरी गळ्यात घातला. हे रंग न्यूटन हीथचे, 1902 पर्यंत क्लबचं नाव तेच होतं.

त्याच शहरात दुसरा प्रकार. 2008 मध्ये अबू धाबीचे शेख मन्सूर मँचेस्टर सिटीचे मालक झाले. इथे व्याज नाही, हप्ते नाहीत. मालकाचा पैसा नुसता ओतला गेला.

युएफाचे, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेचे, आर्थिक शिस्तीचे नियम आले ते या सगळ्यानंतर. कमवाल तेवढंच खर्चा, असा त्यांचा गाभा. आता गंमत बघा. नियम मोजतो तोटा. युनायटेडची कमाई एवढी, की व्याज भरूनही हिशेब जुळवता येतो. अडचणीत येतो तो खिशातून पैसा घालणारा. सिटीवर युएफाने 2020 मध्ये युरोपातल्या स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी घातली. क्रीडा लवादाने ती उठवली, दंड मात्र 1 कोटी युरो ठेवला. 2023 मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर नियम मोडल्याचे शंभरावर आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले.

मालकांना मोकळं रान द्या, असं मी म्हणत नाही. मालकाचा मूड फिरला की काय होतं, ते पोर्ट्समथने पाहिलंय. पण क्लब कर्जात घातला तर चालतं आणि पैसा घातला तर चौकशी, हे तर्कट माझ्या गळी उतरत नाही.

[दृश्य: एव्हर्टनचं गुडिसन पार्क, मग लंडनमधलं चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज]

प्रीमियर लीगची मर्यादा होती तीन वर्षांत 10.5 कोटी पौंड तोट्याची. एव्हर्टनचा तोटा भरला 12.45 कोटी. नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण गेले, अपिलात त्यांचे 6 झाले.

चेल्सीने वाट वेगळी काढली. मैदानाला लागून असलेली दोन हॉटेलं विकली, 7.65 कोटी पौंडांना. घेतली कुणी? मालकांच्याच दुसऱ्या कंपनीने. या खिशातलं त्या खिशात, आणि ताळेबंदात नफा! प्रीमियर लीगच्या नियमात ते बसलं. युएफा असा नफा धरत नाही. 2025 मध्ये तिने चेल्सीला 3.1 कोटी युरोंचा दंड केला.

[दृश्य: पुन्हा फ्रॅटन पार्क, आता भरलेलं]

पोर्ट्समथ घसरत चौथ्या पातळीवर गेलं. 2013 मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून क्लब विकत घेतला आणि जुनी देणी फेडली. 2017 मध्ये संघ चौथ्या पातळीचा विजेता झाला.

त्याच वर्षी मे महिन्यात डिस्नीचे माजी प्रमुख मायकेल आयझनर यांचा प्रस्ताव मतदानाला आला. पुढे जायचं तर पैसा हवा होता. चाहत्यांनी मोठ्या बहुमताने क्लब विकला.