थरथर, दम आणि बिचारा कार्बोरेटर

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत विषय ‘जुन्या व्हॅनचे निदान’ असा भारदस्त छापला असला, तरी माझे म्हणणे लहान आहे. उभ्या गाडीची थरथर आणि चढावर दम न पुरणे या तक्रारी एकत्र आल्या, की त्यांचे मूळ बहुधा इंजिनाच्या एकाच सिलिंडरमध्ये असते, आणि तो कोणता हे ठरवल्याशिवाय कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाला, हात लावू नये.

समोरच्या निम्म्या मंडळींनी ओम्नी चालवली असेल, उरलेल्यांनी ढकलली असेल. 1984 साली आलेल्या मारुती व्हॅनचेच हे पुढचे नाव. 2019 मध्ये उत्पादन थांबले, तरी सोलापुरात चादरींचे गठ्ठे वाहताना ती अजून दिसते. तिचे 796 सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे त्याची तब्येत चालकाच्या कानांआधी बुडाला कळते, आणि सिलिंडर तीनच असल्यामुळे एकाने काम सोडले की निदान तिसरा हिस्सा ताकद जाते.

आमच्या शेजारच्या चादर व्यापाऱ्यांची गॅसवरची व्हॅन सकाळी थंड असताना बरी चाले, पण तापली की सिग्नलला थरथरे आणि तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर येई. एका गॅरेजमध्ये दरवेळी ‘शेठ, कार्बोरेटरच आहे’ असे ऐकवून तो उघडला, धुतला आणि शेवटी बदलला. गॅसवर धावणाऱ्या गाडीत पेट्रोलच्या कार्बोरेटरची जेट धुण्याचे पुण्य कोणाच्या खात्यात जमा झाले, हे बिलच सांगेल! मी फक्त ‘टॅपेट (वॉल्व उघडणारे दांडे) वाजतात का?’ एवढेच विचारले. ‘मुळीच नाही, इंजिन अगदी शांत आहे,’ शेठ अभिमानाने म्हणाले. तिथेच मला शंका आली. गॅसवर एक्झॉस्ट वॉल्वची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची, सीट झिजते, वॉल्व वर सरकतो आणि टॅपेटमधली फट नाहीशी होते. मग इंजिन तापल्यावर वॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटते. कव्हर काढले, तेव्हा मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टवर फट मोजायच्या फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेही शिरेना. वॉल्व जळलेला नव्हता. फट लावली आणि घाट पुन्हा सरला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवल्यामुळे मूळ पद्धत घाईने सांगतो. आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढून बॉडीला टेकवलेल्या जादा प्लगवर लावावी. जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. इंजेक्शनच्या गाडीत मात्र वायरऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवते. मग प्लग आणि वायर शेजाऱ्याशी अदलाबदल करावी; दोष सरकला तर खर्च किरकोळ. सरकला नाही, तर कॉम्प्रेशन मोजावे. इतरांपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून जास्त फरक आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा चढला तर पिस्टनची रिंग, तसाच राहिला तर वॉल्व, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे त्यांच्यावरचे सील.

तिन्ही सारखे भरले, तर मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीची) गॅस्केट आणि रबरी नळ्यांतून शिरणारी हवा शोधावी. त्या नळीतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज पुस्तकातल्या पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांपेक्षा इथे इंच-दीड इंच कमी दाखवेल, कारण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे. काटा स्थिर आहे ना, ते पाहावे. आयडल गुळगुळीत असून फक्त चढावर दम जात असेल, तर इंधनाचा फिल्टर आणि चोंदलेला सायलेन्सर तपासावा. एवढे सगळे निर्दोष निघाले, तर कार्बोरेटर खुशाल उघडा.